मिरवणुकीवरील ड्रोन आणि कायदा

भीमजयंतीच्या मिरवणुकीत दीपनगरच्या रस्त्यावर लेझीम खेळणारी आमची मुले एकाएकी थांबली आणि वर पाहून हात हलवू लागली. डोक्यावर बंदोबस्ताचा ड्रोन घिरट्या घालीत होता. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमचे चित्रण आता कोणाकडे राहणार?" आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापोटीच लिहिला आहे.

ड्रोनसंबंधीचे मुख्य नियम केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केले. भूदल, नौदल व वायुदल यांना ते लागू नाहीत. पोलिसांना मात्र तशी सरसकट सूट त्यांत नाही. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोपासून १५० किलोच्या वरच्या मोठ्या ड्रोनपर्यंत वजनानुसार पाच वर्ग आहेत. आकाशाचीही हिरवी, पिवळी व लाल अशी विभागणी केलेली असून हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास परवानगी लागत नाही. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची लागते.

परंतु हे सारे नियम उड्डाणाचे आहेत. कॅमेऱ्याने काय टिपावे, ते किती दिवस ठेवावे, कोणी पाहावे, याविषयी ते मौन बाळगतात. तेथे आधार आहे तो पुट्टस्वामी खटल्यातील २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील मूलभूत हक्क ठरविला. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. रस्त्यावर आलेला माणूस हा हक्क घरी ठेवून येत नाही.

येथे आपणही प्रांजळ असले पाहिजे. १ जानेवारी २०१८ रोजी विजयस्तंभास अभिवादन करण्यास निघालेल्या आपल्या बांधवांवर हल्ले झाले. पुढील वर्षी पेरणे येथील बंदोबस्तात पोलिसांनी ड्रोन वापरले, तेव्हा तो डोळा आपल्यालाही हवाच होता. हल्ला झाल्यास असे चित्रण पुरावा ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यास प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र चित्रण पुसले गेले तर प्रमाणपत्र कशाला जोडणार? म्हणून घटना घडताच दिनांक, वेळ व ठिकाण नमूद करून ते जतन करण्याचा लेखी अर्ज पोलिसांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. (पोच घेण्यास आपली माणसे फार संकोचतात.)

आपल्या चळवळीवरील पाळत नवी नाही. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीची जी आधारसाधने प्रसिद्ध केली, त्यांत ब्रिटिश पोलिसांचे अहवालही आहेत. आमच्यासारखे इतिहासाचे शिक्षक आज त्याच कागदांवरून त्या काळच्या सभा अभ्यासतात. ते कागद जपले गेले आणि पुढे खुले झाले, म्हणूनच हे शक्य झाले.

त्या विद्यार्थ्याच्या वर्गाने माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज लिहिला आहे. ड्रोन कोणाच्या आदेशाने उडाला, चित्रण किती दिवस राहते आणि ते कोण पाहू शकते, हे तीन प्रश्न त्यात आहेत. अर्जदार म्हणून सही आमची आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट तेवढे लावावयाचे राहिले आहे.