आवाजामागे राहिलेले हात

धुळ्याच्या आग्रा रोडवरून अथवा जळगावच्या नवी पेठेतून लग्नाची वरात निघाली, की 'शोले' चित्रपटातील हेलनच्या नृत्यगीताची सुरावट बँडवाले हमखास काढतात आणि वरातीतले आबालवृद्ध तिच्यावर ताल धरतात. परंतु त्या गीताच्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटार कोणी वाजविले, असा प्रश्न खानदेशातच काय, उभ्या मुलखात क्वचितच कोणाला पडला असेल. तो वादक म्हणजे भूपिंदर सिंग. ज्यांचा खर्जातला, किंचित घोगरा स्वर 'परिचय', 'मौसम' आणि 'घरोंदा' या चित्रपटांनी घरोघर पोहोचविला, तेच भूपिंदर त्या काळातील एक अव्वल दर्जाचे गिटारवादक होते, याची नोंद रसिकांच्या दप्तरी अभावानेच आढळते, आणि ही उणीव मला फार जाणवते.

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९४० रोजी अमृतसरला झाला. वडील नाथा सिंग हे संगीताचे अध्यापक आणि अत्यंत कडक गुरू. पुढे दिल्ली आकाशवाणीवर सतीश भाटिया यांच्या हाताखाली गिटार वाजवीत असता संगीतकार मदनमोहन यांनी त्यांना ऐकले, मुंबईस बोलावून घेतले, आणि 'हकीकत' (१९६४) या चित्रपटात रफी, तलत महमूद व मन्ना डे अशा मातबर गायकांच्या पंक्तीला बसविले.

परंतु त्यांचे गिटार समजून घ्यावयाचे, तर आधी एका परक्या लयविचाराकडे पाहावे लागेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या ज्या लोकप्रिय संगीताला १९४९ साली 'बिलबोर्ड' या नियतकालिकाने 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव दिले, त्यात गिटारवादकाचे मुख्य काम ताना घेण्याचे नसून लय सांभाळण्याचे असते: उजव्या हाताने तारांवर आघात करावा, डाव्या हाताने तो नाद तत्काळ दाबावा, आणि त्या दोहोंमधील क्षणभराच्या निःशब्दतेतून नाचणाऱ्याच्या पायांना गती द्यावी. या पाश्चात्त्य लयविचाराला राहुल देव बर्मन यांनी हिंदी चित्रपटगीतात मानाचे स्थान दिले, तेव्हा त्यांच्या वाद्यवृंदात भूपिंदर होते.

त्यांच्या हाताची विविधता पाहावयाची, तर अवघ्या दोन वर्षांतील तीन गीते पुरेशी आहेत. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील झीनत अमानच्या गीतारंभी पुनःपुन्हा येणारी, गुंगी आणणारी गिटारची स्वराकृती त्यांचीच. त्यानंतर लगेच आलेल्या 'अमर प्रेम'मध्ये, रात्रीच्या वेळी नावेत बसून राजेश खन्ना जे गीत गातो, त्यात हेच गिटार एकेक तार सुटी करीत, किशोरकुमारांच्या स्वराला कोठेही धक्का न लावता संथपणे वाहत राहते. आणि 'यादों की बारात' (१९७३) मधील, पेल्याच्या किणकिणाटाने सुरू होणाऱ्या आशा भोसले यांच्या गीतात त्या तारा अशा काही खेळकर होतात, की तिन्ही ठिकाणी वाजविणारा इसम एकच, हे पटण्यास कानांना सायास पडावेत. स्वतः गायक असल्यामुळे गाणाऱ्याचा श्वास कोठे संपतो आणि वाद्याने कोठे माघार घ्यावी, हे त्यांना उपजतच कळत असावे, असे माझे मत आहे.

तरीही हे हात अनाम राहिले, कारण ध्वनिमुद्रिकेवर नाव छापले जाई ते गायकाचे, गीतकाराचे व संगीतकाराचे. वादकाला पाळीचा मोबदला मिळे आणि त्याचा हक्क तेथेच संपे. व्हायोलिन, सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन वाजविणाऱ्या शेकडो गुणी माणसांची, त्यांत कितीतरी गोमंतकीयांची, हीच कथा आहे. भूपिंदर यांच्या बाबतीत त्यांच्याच कंठाने त्यांच्या हातांना झाकून टाकले, एवढाच काय तो विशेष.

पुढे त्यांनी गझलेकडे वळून तिच्या साथीला स्पॅनिश गिटार, बास आणि ड्रम आणले, तेव्हा परंपरेच्या काही अभिमान्यांना ते रुचले नसेलही. परंतु हार्मोनियमच्या अखंड स्वरापेक्षा गिटारचा विरत जाणारा झंकार गझलेतील दोन मिसऱ्यांमधील विरामाला अधिक शोभतो, हे त्या ध्वनिमुद्रिका शांतपणे ऐकणाऱ्यास मान्य करावे लागेल. १८ जुलै २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे वादन ऐकण्याची इच्छा होईल त्याने प्रथम 'अमर प्रेम'मधील ते नावेतले गीत लावावे, आणि पहिल्या ऐकण्यात तरी शब्दांकडे लक्ष न देता केवळ गिटारच्या मागे जावे.