ट्रॉली ओढण्याआधी ती थांबवायला शिकू या

कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस असतो, कडबा असतो, शेणखत असतं, विटा-वाळू असते. आता यातले बरेच ट्रॅक्टर बायकांच्या किंवा बचत गटांच्या नावावर आहेत. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना अनुदान जास्त मिळतं, म्हणून घरातली मंडळीच म्हणतात, "तुझ्या नावावर घेऊ." नाव आपलं लागतं, सही आपली होते, आणि ट्रॅक्टरवर मात्र दुसराच कोणीतरी बसतो. म्हणून आज आम्ही पहिल्यांदाच ट्रॅक्टर-ट्रॉली घेणाऱ्या मैत्रिणींशी बोलणार आहोत. तुम्ही स्वतः चालवा की ड्रायव्हर ठेवा, ट्रॉली जोडताना, भरताना आणि चालवताना काय बघायचं, हे मालकिणीला माहीत असलंच पाहिजे.

दुकानात गेल्यावर विक्रेता सांगतो, हा ट्रॅक्टर इतके टन ओढतो. ते खरंही असतं. पण आपण विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हा किती टन थांबवू शकतो? ओढायला इंजिनाची ताकद लागते, थांबवायला ब्रेक आणि स्वतःचं वजन लागतं. डोक्यावर हंडा घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. चढताना दम लागतो, पण तोल जातो तो उतरताना.

वजनाचा हिशोब

चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण 2 टन असतं. आता मागे काय येतं ते बघू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक ब्रास कोरडी वाळू भरली तर तिचंच वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, ओली असेल तर त्याहून जास्त. वीट तीन किलोची धरली तर हजार विटांचे 3 टन होतात. ट्रॉलीचं लोखंड वेगळंच. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन मागे घेऊन चाललेला असतो. आणि साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. गावाकडच्या कित्येक ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार त्या दोन चाकांनी आवरायचा.

यावरून पहिला नियम निघतो. ट्रॉली डोळ्यांनी भरू नका, वजनाने भरा. कडब्याच्या पेंढ्या आभाळाला टेकल्या तरी वजन कमी असतं, पण त्या उंच भारामुळे ट्रॉली वळणावर कलंडू शकते. वाळू किंवा ओलं शेणखत अर्ध्यावरच दिसतं, पण वजन पुरं झालेलं असतं. ट्रॉलीच्या कागदावर तिची क्षमता लिहिलेली असते. ती आधी वाचून घ्या. एकदा भरलेली ट्रॉली जवळच्या वजनकाट्यावर नेऊन बघा. कोणत्या मालाची कुठवर भरलेली ट्रॉली किती वजनाची होते, ते एकदा कळलं की आतून रंगाने खूण करून ठेवता येते. नवीन ट्रॉली घेत असाल तर ब्रेक असलेली घ्या. चार पैसे जास्त जातील, पण भाव करताना सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

माल कुठे ठेवला हेही महत्त्वाचं. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर यावा लागतो. माल सारखा पसरून, किंचित पुढच्या बाजूला भरा. सगळं वजन मागच्या फाळक्याकडे गेलं तर ट्रॉलीची दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड सुटते. अशा वेळी ब्रेक चांगले असूनही गाडी घसरते. पण भार फार पुढे गेला तरी ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपणच पेलते, त्यामुळे हुकावर भार कमी येतो. पण ती मागे घेणं जास्त अवघड असतं. पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी दोन चाकी ट्रॉलीवरच हात बसवावा.

जोडताना

ट्रॉली कुठे जोडायची? कंपनीने ट्रॉलीसाठी दिलेल्या हुकालाच किंवा ड्रॉबारलाच. अडलेली गाडी ओढायला म्हणून साखळी कुठेही वर बांधणारे लोक असतात. साखळी मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बांधली आणि ट्रॅक्टरने जोर लावला, तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं की वर बसलेल्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते नेहमी खालून, हे पक्कं लक्षात ठेवा.

जोडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर सावकाश मागे घ्यायचा, थांबवायचा, गिअर काढून हँडब्रेक लावायचा, आणि मगच दुसऱ्या माणसाने पिन टाकायला पुढे यायचं. पिन जाड, योग्य मापाची हवी. सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट चालणार नाही. पिनेच्या खालच्या टोकाला क्लिप हवी, नाहीतर खड्ड्यांच्या धक्क्यांनी पिन उडून बाहेर येते. त्याशिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी लावून घ्या. पिन तुटली तरी ट्रॉली सुटून समोरच्या माणसांवर जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते.

निघण्याआधी एक फेरी मारायची सवय लावा. पिन, क्लिप, साखळी, ट्रॉलीच्या चाकांची हवा, चाकाचे नट, फाळक्याच्या कड्या, मागचे दिवे. घरातून निघताना गॅस बंद केला का ते आपण बघतोच ना, तसंच हे. याला दोन मिनिटं लागतात.

रस्त्यावर

ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. शेतात जागेवर वळायला ती वेगवेगळी वापरतात. रस्त्यावर येण्याआधी ती पट्टीने एकमेकांना जोडलीच पाहिजेत. मागे भरलेली ट्रॉली असताना एकच चाक धरलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

वेगाचं गणितही साधं आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट लागते. ताशी 30 किलोमीटरवरून 15 वर आलात तर ब्रेकवरचा भार चौथ्या हिश्श्यावर येतो. ताशी 30 च्या वेगात दर सेकंदाला गाडी 8 मीटरच्या वर पुढे जाते. समोर शेळी आली हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात होते. म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहा. कोणी मागून हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते उताराला. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून न्यूट्रलवर गाडी सोडायची, ही वाईट सवय बऱ्याच ड्रायव्हरांना असते. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. गिअर काढला की तो आधार गेला, आणि मागचे पाच टन ट्रॅक्टरला ढकलू लागतात. त्यात वळण आलं आणि घाबरून ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टरला आडवं पाडते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरात चढ चढलो असतो, त्याच गिअरात उतरायचं. मध्येच क्लच दाबायचा नाही, कारण क्लच दाबणं म्हणजे न्यूट्रलच. चढावर थांबावं लागलं तर पुन्हा निघताना क्लच हळूहळू सोडा. एकदम सोडला की पुढची चाकं उचलतात.

वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आतल्या बाजूने कापत जाते. चौकात, शाळेच्या कोपऱ्यावर आतल्या बाजूला कोणी उभं असेल तर ट्रॅक्टर निघून जातो आणि ट्रॉलीचं चाक माणसावर येतं. वळण मोठं घ्या आणि आतल्या बाजूला बघत राहा.

मागे घेणं शिकायला मोकळं रान निवडा. ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे वळवावं लागतं, त्यामुळे डोकं चक्रावतं. एक युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात जिकडे न्याल तिकडे ट्रॉलीचं मागचं टोक जाईल. थोडं थोडं वळवा, आणि वाकडी झाली तर पुढे घेऊन पुन्हा सरळ करा. एका ट्रॉलीवर हात बसल्याशिवाय मागे दुसरी ट्रॉली जोडायचा विचारही करू नका.

रिकामं करतानाही दोन गोष्टी बघा. उचलणारी ट्रॉली असेल तर वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहा. आणि वर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणी जाऊ नये. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की ती थेट खाली येते.

रात्री दिसली पाहिजे

रात्री रस्त्याकडेला बंद पडलेली, दिवे नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. उसाच्या दिवसांत असे किती अपघात आपण ऐकतो. मागच्या बाजूला लाल, बाजूंना पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या चकाकणाऱ्या पट्ट्या लावायच्या असतात. आपल्याकडे याला रेडियम म्हणतात. ऊस किंवा कडबा बाहेर लोंबला की तो मागचे दिवे आणि पट्ट्या झाकतो, म्हणून भरून झाल्यावर मागे जाऊन बघा, आणि पट्ट्यांवरचा चिखल पुसा. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्या, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावर सोडून जाऊ नका.

नाव आपलं, जबाबदारी आपली

मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. तिचं स्वतंत्र पासिंग करून नंबर घ्यावा लागतो. विम्यातही ट्रॉलीची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. फक्त ट्रॅक्टरचा विमा काढून ट्रॉली त्यात आपोआप येईल असं समजू नका. पॉलिसी शेतीकामासाठीची असेल आणि ट्रॉलीत भाड्याने विटा-वाळू वाहत असाल, तर अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. म्हणून एजंटला आधीच स्पष्ट सांगा, आम्ही काय वाहणार आहोत, आणि ते कागदावर घ्या. विमा नसेल किंवा चालला नाही, तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येतो. आरसी बुकावर ज्या बाईचं नाव, तिच्यावर.

आणखी एक. आपल्याकडे नववी-दहावीतला मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचं कौतुक होतं. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कौतुक घरातच ठेवा, आणि किल्ली आपल्याजवळ.

शेवटची गोष्ट माणसांची. ट्रॉली मालासाठी असते. तरी खुरपणीला, ऊसतोडीला, जत्रेला आपल्याच बायका-मुलं त्यात बसतात; कोणी उसावर, कोणी चाकाच्या मडगार्डवर, कोणी मधल्या दांडीवर. दांडीवरून घसरलं की माणूस सरळ चाकाखाली जातं. पदर किंवा ओढणी चाकात अडकली तरी तेच. ट्रॉली उलटली तर माल आणि माणूस एकत्र पडतो. मजुरीला जाणाऱ्या बाईला "मी यात बसणार नाही" म्हणता येत नाही, तिचा दिवस बुडतो. पण मालकिणीला म्हणता येतं. आमच्या गटाने असंच ठरवलंय: मजूर बायकांना न्यायला वेगळी गाडी, तिचं भाडं कामाच्या हिशोबात धरायचं, आणि ट्रॉलीत फक्त माल. ड्रायव्हर ठेवतानाच हे त्याला सांगायचं. न्यूट्रल नाही, जादा भरणं नाही, दांडीवर कोणी नाही. ऐकत नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघायचा.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. ट्रॉलीची पिन आणि क्लिप स्वतः हातात घेऊन बघा, मागच्या पट्ट्या अंधारात टॉर्च मारून बघा, आणि विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा नंबर आहे का ते वाचा. नसेल तर त्या दिवशी ट्रॉली दारातच उभी राहू द्या.