औषध लागू पडत नाही, म्हणजे नेमकं काय?

चालताचालता पायातली चप्पल निसटते आणि पायाला ते कळतही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत असं कुणी सांगितलं की आधी कुष्ठरोगच मनात येतो. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या, वरोऱ्याच्या आनंदवनाचा हा मुलूख. ती शंका रास्तच. कुष्ठरोगात मात्र हे सहसा हळूहळू होतं. तेच चार दिवसांत, ताप, वेदना आणि लघवीतल्या रक्तासह झालं, तर व्हॅस्क्युलायटिसचाही विचार करावा लागतो. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते; नसा, फुप्फुसं, मूत्रपिंडं तिच्या तडाख्यात सापडतात. ‘अँका’ प्रतिपिंडांशी निगडित तीव्र प्रकारात स्टिरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. त्यानं उतार पडला नाही, की गैरसमजांना पेव फुटतं.

गैरसमज : पहिलं औषध लागू पडलं नाही, आता उपाय संपले.
वस्तुस्थिती : एकानं गुण आला नाही तर दुसऱ्याकडे वळता येतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १९७ रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅब एकंदरीत सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचं ठरलं. ज्यांचा आजार आधी बरा होऊन उलटला होता, त्यांच्यात तर सहा महिन्यांनी ६७ टक्के रुग्णांना त्याचा पूर्ण गुण आला. सायक्लोफॉस्फामाइड घेतलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं.

गैरसमज : ताप, खोकला हटत नाही, म्हणजे आजारच बळावला.
वस्तुस्थिती : कदाचित जंतुसंसर्ग असेल. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे दबलेला क्षयरोग डोकं वर काढू शकतो. धानाच्या बांधीत अनवाणी रोवणी करणाऱ्यांच्या पायातून स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत शिरू शकतो. स्टिरॉइड सुरू झाल्यावर तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. रिटुक्सिमॅबमुळे हिपॅटायटिस बी उसळू शकतो. म्हणून औषध बदलण्याआधी थुंकी, छातीचा फोटो, रक्त पुन्हा तपासायचं; डोस चुकले का, निदान बरोबर होतं का, हेही पाहायचं. क्षयरोगातही अँका चाचणी कधीकधी पॉझिटिव्ह येते.

गैरसमज : मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन उतरत नाही, म्हणजे औषध वाया गेलं.
वस्तुस्थिती : आग विझली तरी जळकं खोड उरतं. दाह थांबल्यावरही मूत्रपिंडात व्रण राहतात, ते औषधानं भरून येत नाहीत. आग चालू आहे की व्रण उरलाय, हे लघवीतल्या रक्तपेशी आणि गरज पडल्यास मूत्रपिंडाचा तुकडा तपासून ठरवतात. व्रणासाठी जहाल औषधं वाढवली तर नुसताच अपाय.

गैरसमज : स्टिरॉइड वाढवा, नाहीतर रक्त बदला.
वस्तुस्थिती : २०२० साली ७०४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत नेहमीच्या ६० टक्क्यांहूनही कमी स्टिरॉइड देऊन मृत्यू किंवा मूत्रपिंड निकामी होणं वाढलं नाही. पहिल्या वर्षातले गंभीर संसर्ग मात्र घटले. रक्तद्रव बदलण्यानं, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंजनं, मृत्यू किंवा मूत्रपिंडाची हानी एकंदरीत टळली नाही. निवडक रुग्णांतच आता त्याचा विचार होतो.

गैरसमज : गुण नाही, तर गोळ्या बंद करून जडीबुटी घ्यावी.
वस्तुस्थिती : बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते टप्प्याटप्प्यानं, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करायचं.

गैरसमज : बरं वाटतंय, आता नागपूरची खेप कशाला?
वस्तुस्थिती : हा आजार उलटू शकतो आणि मूत्रपिंडाचं दुखणं सहसा जाणवत नाही. लघवीची साधी तपासणी तालुक्यालाही होते. रक्त किंवा प्रथिनं दिसली की थांबायचं नाही. पण औषध बदलायचं की नाही, हे या आजाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांनीच ठरवावं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटू शकतो. तिकडच्या रुग्णानं पुरेशा गोळ्या मृगाआधीच घरात आणून ठेवाव्यात, आणि कोणतं औषध कधी, किती दिलं याची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. नवा डॉक्टर आधी तीच मागेल.