वेबवरच्या नोंदवहीसाठी भाषा कोणती?

जबलपूरच्या कांचघरहून बोलतोय. एक प्रश्न मला सारखा येतो. "कर्नलसाहेब, मंडळाच्या ग्रंथालयाच्या नोंदी ऑनलाइन करायच्यात. पीएचपी घेऊ, पायथन घेऊ की जावा?" विचारणारे कधी इंदूरचे असतात, कधी बेळगावचे, कधी बडोद्याचे.

उत्तर आधी सांगतो. भाषा तिसऱ्या नंबरवर ठरवा. पहिला डेटाबेस, दुसरा तो सांभाळणारा माणूस.

डेटाबेस पहिला का? फौजेत गाड्या बदलतात, स्टोअरकीपर बदलतो, लेजर मात्र पुढे चालतं. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आयबीएममध्ये 1974च्या सुमारास आकाराला आली. पीएचपी आणि जावा आल्या 1995 साली. म्हणजे एसक्यूएल त्यांची मोठी बहीण, आणि तिच्याशी सगळ्यांचं पटतं. तुमची टेबलं मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसमध्ये नीट आखलेली असतील, तर उद्या प्रोग्राम दुसऱ्या भाषेत लिहिता येतो. टेबलंच गचाळ असतील तर कुठलीही भाषा वाचवत नाही.

आपल्या मराठीचा एक खास मुद्दा इथेच येतो. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, आणि त्याच्यामागून 'क्ष', 'ज्ञ'. नुसत्या सांकेतिक अंकांवर यादी लावली तर 'ज्ञानेश्वरी' थेट 'ज'च्या रांगेत जाऊन बसते आणि वाचक भलतीकडे शोधत राहतो. हा क्रम डेटाबेसच्या कोलेशनमध्ये ठरतो. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचा मराठी क्रम निवडता येतो. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घेतलंत तर अक्षरसंच यूटीएफ8एमबी4 ठेवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायची वेळ येते.

आता भाषा. जगभरच्या ग्रंथालयांत चालणारं 'कोहा' न्यूझीलंडमध्ये 1999 साली लिहायला घेतलं, तेही पर्लमध्ये. आज पर्ल शिकायला कुणी क्लास लावत नाही, तरी कोहा चालू आहे, कारण त्यामागे माणसं आहेत. मुंबईत तयार झालेलं 'ईआरपीनेक्स्ट' पायथनमध्ये आहे, खाली मारियाडीबी. दोन्ही मुक्त स्रोत. तेव्हा नवीन लिहायच्या आधी हे तयार माल बघा. साध्या ग्रंथालयाला कोहा पुरून उरतं.

स्वतःच लिहायचं असेल तर गावात कोण उपलब्ध आहे ते विचारा. माझ्या ओळखीतल्या एका संस्थेत हौशी मुलाने झकास प्रोग्राम केला, नोकरी लागली, मुलगा बाहेरगावी गेला. आज सातशे सभासदांची वर्गणी कुणी भरली हे कुणालाच काढता येत नाही. त्याची भाषा वाईट नव्हती हो, पण ती येणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

छोट्या मंडळाला मी पीएचपी सांगतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ती तयारच मिळते आणि जाणकार सापडतात. हिशेब, अहवाल, आकडेमोड जास्त असेल तर पायथन आणि जँगो. लॉगिन, फॉर्म, व्यवस्थापनाची पानं त्यात बरीचशी आयती येतात, पण सर्व्हर सांभाळणारा हवा. जावा बँकांना शोभते. तीनशे पुस्तकांच्या कपाटाला रणगाडा कशाला?

आवृत्तीही विचारा. पायथन 2चा आधार 1 जानेवारी 2020ला संपला, तरी जुने कोर्स फिरतात.

आणि लिहिणाऱ्याला एक प्रश्न जरूर टाका : "सभासदाने टाइप केलेला मजकूर तू एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवतोस का?" 'हो' म्हणाला तर काम देऊ नका. नावाच्या रकान्यात कुणी एसक्यूएलचा तुकडा टाकला तर अख्खी यादी बाहेर येऊ शकते, पुसलीही जाऊ शकते. मजकूर वेगळा, पॅरामीटर म्हणून पाठवायचा असतो. ही सोय वरच्या सगळ्या भाषांत आहे.

पुढच्या भागात पुस्तक, सभासद आणि देवघेव ही तीन टेबलं कागदावर आखू. वही-पेन्सिल घेऊन बसा.