मास्तर बदलले, पटही बदलला

बँकेत असताना शाखाधिकाऱ्यांच्या बदल्या मी पुष्कळ पाहिल्या. नवा साहेब येई, टेबलांची दिशा बदली, आठवडाभर हजेरीचा आग्रह धरी. माणसे मात्र तीच असत. कॅशियर तोच, शिपाई तोच, तक्रारखोर कारकूनही तोच. चार महिन्यांत साहेबच शाखेच्या वळणावर जाई. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलची अलीकडची हकिकत वाचताना हे सारे आठवले, कारण तिथे आता नेमके उलटे घडते. साहेब येतो आणि शाखाच बदलते.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, अंगावर चिलखतासारखे पॅड. मैदानात एका बाजूचे अकरा जण, पण संघाच्या पटावर शंभर-सव्वाशे मुले. विद्यापीठांच्या या सामन्यांना पन्नास हजार, कधी लाखभर लोक जमतात आणि मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाचा पगार विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या पगाराहून कितीतरी अधिक असतो. मुले मात्र नावाने विद्यार्थीच.

कोलोराडो विद्यापीठाच्या संघाने २०२२ च्या मोसमात बारापैकी अकरा सामने गमावले. मोसम चालू असतानाच प्रशिक्षकाला काढले आणि डिसेंबरात डिऑन सँडर्स यांना आणले. हे एके काळचे गाजलेले व्यावसायिक खेळाडू. मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट विद्यापीठाचा संघ त्यांनी नावारूपाला आणला होता. कोलोराडोच्या मुलांशी पहिल्याच बैठकीत ते जे बोलले, त्याचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. माझे सामान मी बरोबर घेऊन येतो आहे आणि ते उंची आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. मुलांनी पोर्टलचा रस्ता धरावा, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

त्यांनी शब्द खरा केला. २२ एप्रिल २०२३ रोजी संघाचा आपसांतला सराव सामना झाला. त्याला ४७,२७७ प्रेक्षक आले. त्यानंतरच्या काही दिवसांत मुलांची रांगच बाहेर पडली. नवा मोसम सुरू झाला तेव्हा शिष्यवृत्तीवरच्या जुन्या खेळाडूंपैकी जेमतेम दहाएक जण उरले होते, तर पटावर ऐंशीहून अधिक नवी नावे होती. जॅक्सन स्टेटमधून सँडर्स यांचा मुलगा शेदूर आणि ट्रॅव्हिस हंटर हा असामान्य खेळाडू आला. म्हणजे एकाच बदलीने दोन शाखा हलल्या.

हे शक्य झाले ते नियमांतल्या बदलांमुळे. पूर्वी खेळाडूने विद्यापीठ बदलले, तर त्याला वर्षभर सामन्यांविना बसावे लागे आणि दुसऱ्या संघाशी बोलायचे तर आधीच्या विद्यापीठाची परवानगी लागे. प्रशिक्षकाला असले बंधन नव्हते. मुलाच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटावे, चार वर्षांचे वचन द्यावे आणि सहा महिन्यांनी अधिक पगारावर दुसरीकडे जावे! हा अन्याय उघडच होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले. खेळाडूने आपले नाव त्यात घालण्यास सांगितले की इतर संघ त्याच्याशी थेट बोलू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी वर्षभर बसण्याची अटही गेली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली.

मुलांसाठी दार उघडले, हे चांगलेच झाले. पण दार दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे प्रशिक्षकांच्या लवकर ध्यानात आले. ज्या दारातून मुलाला मनाप्रमाणे जाता येते, तेच दार त्याला दाखवताही येते.

आणि याचे फळ दिसते, हीच अडचण आहे. कोलोराडोने २०२३ मध्ये आधीच्या मोसमातील उपविजेत्या टीसीयूला ४५-४२ असे हरवून सुरुवात केली, पहिले तीन सामने जिंकले आणि अखेर बारापैकी चारच जिंकले. २०२४ मध्ये नऊ विजय मिळाले आणि हंटरला हाइसमन हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मिळाला. तो आणि शेदूर गेल्यावर २०२५ मध्ये संघ पुन्हा तीन विजयांवर आला. उलट इंडियाना विद्यापीठाचे पाहा. पराभवांचा एवढा मोठा वारसा असलेले संघ थोडेच असतील. तिथे २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी आले. आपल्या जुन्या, जेम्स मॅडिसन विद्यापीठातील तेरा खेळाडू त्यांच्या मागोमाग आले. २०२४ मध्ये अकरा विजय, आणि पुढल्या मोसमात एकही सामना न हरता जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद! आता कोणत्या विद्यापीठाचे विश्वस्त नव्या प्रशिक्षकाला सबुरीचा सल्ला देतील?

बाहेर पडलेल्यांचे काय, हा प्रश्न गुणफलकावर येत नाही. नवा प्रशिक्षक आल्यावर संघातून वगळलेला मुलगा तिथेच शिकत राहिला, तर त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवता येते, अशी सोय नियमांत आहे. पण पोर्टलमध्ये नाव घातले, की सत्राअखेर जुने विद्यापीठ शिष्यवृत्ती थांबवू शकते. नवा संघ मिळेलच याची शाश्वती नाही. कित्येकांना तो मिळत नाही. मिळाला तरी आधी उत्तीर्ण केलेले सगळे विषय तिथे धरले जातात असेही नाही. याउलट प्रशिक्षकाचे पाहा. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा करारापोटी त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे निघाले. ज्याची नोकरी गेली त्याची पुढची बेगमी झाली. ज्याचे शिक्षण अडले त्याच्या हाती एक अर्ज.

या अर्जाने मला २००१ च्या सुमाराची आठवण होते. सरकारी बँकांत तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. कित्येकांनी ती आनंदाने घेतली. काहींना मात्र समोर बसवून, चहा पाजून, आता तुमच्यासाठी इथे फारसे काम उरणार नाही असे सांगितले गेले. अर्ज दोघांचाही एकच होता, दोघांनीही स्वतःच्या अक्षरात सही केली होती. पण ती चाळिशी-पन्नाशीची माणसे होती, हातात पुंजी घेऊन गेली. इथे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आहे. प्रशिक्षक बदलला म्हणून जाणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती, त्याने पोर्टलचा अर्ज भरला तरी, पदवी मिळेपर्यंत जुन्या विद्यापीठाने राखून ठेवावी, एवढे झाले तर त्या अर्जातील स्वेच्छा खरी मानता येईल. फिशर यांच्या हिशेबापुढे हा खर्च किरकोळ आहे.