हरलेल्यांच्या बाजूने

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा जन्म १८७१ सालच्या ‘मोचनगड’पाशी मानतात. हरिभाऊंचा ‘उषःकाल’ आमच्या आजोबांच्या पिढीने वाचला. माझ्या वाचनातला ऐतिहासिक कादंबरीचा काळ मात्र १९६२ साली आलेल्या ‘स्वामी’पासून सुरू होतो.

रणजित देसाईंनी पेशव्याला दरबारातून माजघरात आणलं. थेऊरला क्षयाने गेलेला सत्तावीस वर्षांचा माधवराव आणि त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई, या शोकांतिकेपुढे माझे डोळे कोरडे राहिले नाहीत. पण पुन्हा वाचताना काका-पुतण्याचा झगडा घरच्या रुसव्याफुगव्यांएवढा लहान वाटतो. १७६२ साली आळेगावला माधवरावांना नमतं घ्यावं लागलं, त्यामागे निजामाचं बळ होतं, सरदारांचे हिशेब होते, पानिपतानंतरचं कर्ज होतं. हे सगळं मायेच्या संवादांआड जातं. पुढे ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, आणि ते मला कादंबरीहून मोलाचं वाटतं. शिवाजी महाराजांच्या पश्चात १७०७ पर्यंत रयत औरंगजेबाशी झुंजत राहिली, ती कशाच्या बळावर, या प्रश्नाशी नेणारं लेखन विरळाच.

माझं मन खरं रमलं ते ना. सं. इनामदारांत. त्यांनी निवडलेली माणसं पाहा. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव. ज्याला ‘पळपुटा’ म्हणत आम्ही शाळेत वाढलो, ज्याने १८१८ साली माल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला उरलेलं आयुष्य काढलं, त्याचं ऐकून घ्यायला एक कादंबरीकार पुढे आला. एल्फिन्स्टनसारखा रेसिडेंट पुण्यात बसलेला, सरदार आपापल्या वाटेला लागलेले. अशा गादीवरच्या माणसाला नुसतं भित्रा म्हणून निकालात काढता येत नाही. इनामदार त्याची बाजू घेताना कधी फार पुढे जातात, हेही खरं. तरी ‘राऊ’ची लोकप्रियता बाजूला ठेवून मी ‘मंत्रावेगळा’च वर ठेवीन. ‘शिकस्त’मधल्या पार्वतीबाईही तशाच: पानिपतावर पती भाऊसाहेब पडले हे न मानता सौभाग्याची लेणी अंगावर ठेवणारी बाई, आणि पुढे भाऊसाहेबांचा तोतया.

संभाजीराजांवरचा डाग पुसण्याचं मूळ काम वा. सी. बेंद्र्यांच्या १९६० सालच्या चरित्राने केलं. ‘छावा’ने (१९७९) ते घरोघर पोचवलं. विशेषणांचा पूर मात्र मला सोसत नाही. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ (१९८८) त्या मानाने जमिनीवर उभं आहे. त्यातली लढाई यात्रेकरूंच्या लोंढ्यात, तुटलेल्या रसदेत आणि उपाशी घोड्यांत हरत जाते, आणि भाऊसाहेबांच्या हट्टापाशी बोट थांबत नाही.

मग १९९७ साली नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ आली. इथे छत्रपती नाही, पेशवा नाही. पोटासाठी बंगालपर्यंत भटकलेला एक साधा माणूस आपली हकीकत सांगतो. मराठी फौजांनी बंगालच्या रयतेची काय दशा केली, ते तो लपवत नाही. बारगिरांच्या धाकाची बंगाली अंगाईगीतं आजही आहेत, आणि आपण अटकेच्या झेंड्यांवर मान ताठ करत आलो. तरुण वाचक काय वाचू म्हणून विचारतात, तेव्हा ‘मंत्रावेगळा’च्या जोडीने मी हीच त्यांच्या हाती देतो.