गोंधळाचे मूळ पोटात

यकृताचा सिरोसिस बळावलेल्या रुग्णाची रात्रीची झोप उडते आणि दिवसा डोळे मिटू लागतात. सही वाकडी होते. हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितले, तर ते मधूनच गळून पडतात. घरच्यांना वाटते, वय झाले. खरे तर यकृताला न झेपलेला अमोनिया मेंदूपर्यंत पोचलेला असतो.

1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला इव्हान पाव्हलॉव्ह आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यातून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडले. मांस खाल्ले की ही कुत्री अडखळत, पिसाळल्यासारखी वागत. निरोगी यकृत आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचा युरिया बनवते. ते जमेनासे झाले, की मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी अमोनिया शोषून ग्लुटामिन बनवतात आणि फुगतात.

पण यकृत रोज तेवढेच आजारी असताना माणूस आजच का बरळतो? बहुतेक वेळा त्यामागे एखादे निमित्त सापडते आणि ते शोधणे हाच उपचाराचा गाभा आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या, तर रक्त आतड्यात उतरते. निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तात सुमारे 200 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे आतड्यात अमोनिया बनवणाऱ्या जिवाणूंना मेजवानीच. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. जलोदराच्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, तरी हेच घडते, आणि ताप दर वेळी येतोच असे नाही. साधे बद्धकोष्ठही पुरते.

लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी पोटॅशियम घटले, की मूत्रपिंडेच जास्त अमोनिया तयार करतात. झोप येत नाही म्हणून आपल्या मनाने दिलेली झोपेची गोळी तर थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते.

डाळ, दूध, अंडी बंद करण्याची जुनी रीत मात्र सोडायला हवी. बार्सिलोनातल्या 2004 च्या अभ्यासात प्रथिने कमी केल्याने काही लाभ दिसला नाही. स्नायूही अमोनिया जिरवतात; उपाशी ठेवून ते झिजवणे म्हणजे उरलेला आधारही काढून घेणे.

अमोनिया कमी करायला लॅक्ट्युलोजचे गोड औषध दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके देतात. त्याहून वाढवून जुलाब लागले, तर शरीरातले पाणी आणि पोटॅशियम घटते आणि औषधच नवे निमित्त ठरते. म्हणून मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.